खरे बोलणाऱ्याचा हक्क

कोंबड्या पाळणाऱ्या बायकांना घरी बोलावून चहा पाजायचा, यात नीतीचा कसला प्रश्न आला, असे कुणीही विचारील. आम्हालाही तसेच वाटत होते. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. पुस्तकात इमानदारीवर धडा असतो, धड्याखाली पाच प्रश्न असतात आणि पाचही प्रश्नांची उत्तरे धड्यातच सापडतात. मुले ती पाठ करतात, आम्ही गुण देतो. पण आमच्याच अंगणात भरलेल्या एका बैठकीत असा प्रश्न समोर आला की त्याचे उत्तर कोणत्याही धड्यात मिळेना. त्या दिवशी आम्ही नापास झालो. ही हकीकत सांगायची आहे ती त्यासाठी.

आमचे गाव मराठवाड्यातले, तालुक्याचे. आमच्या मोहल्ल्यात आणि मागच्या वस्तीत जवळजवळ प्रत्येक घरामागे एखादे खुराडे असते. कुणाकडे पाच कोंबड्या, कुणाकडे पंधरा. बहुतेक गावरान, कुठे कुठे वनराज नाहीतर गिरिराज. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. दहा-बारा अंडी झाली की खुडूक होऊन बसते. एकवीस दिवसांनी पिल्ले निघतात, त्यातली काही घार नेते, काही बोका, काही मुंगूस. उरतात ती घरची. हा धंदा म्हणावा असा धंदा नाही. पण नवऱ्याच्या मजुरीचा हिशेब सगळे घर मागते, अंड्यांच्या पैशांचा हिशेब मात्र बाईपाशीच राहतो. त्या पैशांतून वही येते, खोकल्याचे औषध येते, ईदेच्या बांगड्या येतात. आमच्या बी.एड.च्या फीतही अम्मीच्या अंड्यांचे पैसे होते. म्हणून कोंबडी मेली की आमच्याकडच्या बाईचे नुसते पाखरू जात नाही, तिच्या हातातली तेवढी सत्ता जाते.

आणि कोंबड्या मरतात त्या एकदम मरतात. या रोगाला आपल्याकडे मानमोडी म्हणतात. उत्तराखंडातल्या राणीखेत गावात तो आपल्या देशात प्रथम ओळखला गेला, म्हणून राणीखेत असेही नाव आहे. पक्षी सुस्त होतो, हिरवट पातळ शिटतो, तोंड उघडून श्वास घेतो, मान पिळवटते. एकदा लागण झाली की औषध नाही. उपाय एकच, आधी लस टोचणे किंवा डोळ्यात लसीचा थेंब टाकणे. पण लसीची बाटली मिळते ती शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची. ती थंड ठेवावी लागते, आणि एकदा पातळ केली की दोनेक तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांची मालकीण शंभर कोंबड्यांची बाटली घेऊन काय करणार? म्हणजे पंधरा घरे एका दिवशी, एका वेळी एकत्र आली तरच प्रत्येक घराची कोंबडी वाचते. एकट्याने शहाणपण करण्याची सोयच यात ठेवलेली नाही. आम्हाला ही गोष्ट फार आवडली आणि आम्ही बैठक बोलावली.

२०२२ च्या हिवाळ्यातला रविवार होता. आम्ही अंगण झाडून घेतले, शाळेतून सतरंजी आणली, मोठ्या पातेल्यात चहा ठेवला. लसीची बाटली बर्फाच्या थर्मासमध्ये होती. थेंब टाकायला ओळखीतला एक तरुण आला होता. आणि आम्ही निरोप काय दिला होता? सगळ्यांनी आपापल्या कोंबड्या घेऊन या. आज ते वाक्य आठवले तरी लाज वाटते. पंधरा घरांचे पक्षी एका अंगणात आणायचे नसतात हे ना त्या तरुणाला सुचले, ना आम्हाला. डालगी, टोपल्या, पोती, पाय बांधलेले कोंबडे, सगळे अंगणभर झाले. ऊन होते म्हणून आम्ही मध्ये एक परात भरून पाणी ठेवले. सगळ्यांच्या कोंबड्या त्या एकाच परातीत चोची बुडवत होत्या. आम्हाला ते दृश्य फार गोड वाटले. एकीचे दृश्य वाटले.

तेवढ्यात खाला आल्या. आमच्या नात्यातल्या नाहीत, पण सगळा मोहल्ला त्यांना खालाच म्हणतो. एकट्या राहतात, गोधड्या शिवतात, दहा-बारा कोंबड्या. त्या दारातच थांबल्या. हात रिकामे होते. टोपली त्यांनी रस्त्यापलीकडे लिंबाच्या झाडाखाली ठेवली होती. त्या म्हणाल्या, "आपा, टोपली बाहर रक्खी हूँ. परसों से दो मर गए. तिसरी गर्दन डाल के बैठी. अंदर लाऊँ क्या नको लाऊँ, तुम बोलो."

आधी क्षणभर कुणाला समजलेच नाही. मग एकच गलका झाला. कुणी म्हणाले, रोग दाराशी घेऊन आल्या. कुणी म्हणाले, यांना कुणी बोलावले? एका पाहुणीला सोडायला आलेले गृहस्थ होते, त्यांनी हदीसच ऐकवली. आजारी उंटांच्या मालकाने आपले उंट निरोगी उंटांमध्ये आणू नयेत, अशा अर्थाची ती हदीस. ते म्हणाले, दीनमध्येही हेच सांगितले आहे, तुम्ही परत जा. खाला त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्या आमच्याकडे बघत होत्या, कारण घर आमचे होते आणि प्रश्न त्यांनी आम्हाला विचारला होता.

आम्ही काहीच बोललो नाही. वाद वाढू नये, इतर पाहुण्यांचे मन दुखू नये, अशी कारणे आम्ही मनातल्या मनात जमवत होतो. खालांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग रस्ता ओलांडला, टोपली उचलली आणि निघून गेल्या. बैठक नंतर चांगली झाली. लस झाली, चहा झाला. कप मोजून आणले होते, एक उरला.

पुढच्या दहा-बारा दिवसांत पाच घरांच्या कोंबड्या मेल्या. साऱ्या मोहल्ल्याने एका तोंडाने खालांचे नाव घेतले. त्यांच्याकडे गोधडी शिवायला टाकणाऱ्या बायकाही काही दिवस गेल्या नाहीत. गोधडीचा आणि मानमोडीचा काय संबंध, हे विचारायला कुणाला वेळ नव्हता.

आता या हकीकतीतला प्रश्न नीट मांडून पाहू.

पहिली गोष्ट त्या हदीसची. ती खरी आहे आणि तिच्यातला हुकूम शहाणपणाचा आहे. साथीच्या गावात जाऊ नये आणि साथीच्या गावातून बाहेर पडू नये, हा उपदेशही आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. २०२० मध्ये तर तो आपल्या मशिदींच्या फलकांवरही लिहिला गेला. पण त्या दिवशी आमच्या अंगणात त्या हदीसचे पालन कोणी केले? खालांनी केले. आजारी पक्षी निरोगी पक्ष्यांत जाऊ नये म्हणून त्यांनी टोपली रस्त्यापलीकडे ठेवली होती. मोडली कोणी? आम्ही मोडली. पंधरा घरांची पाखरे न विचारता एका परातीवर आणली ती आम्ही. मानमोडीची लागण झाल्यावर लक्षणे दिसायला दोन दिवसांपासून पंधरा दिवसांपर्यंत कितीही वेळ लागतो. म्हणजे त्या सकाळी धडधाकट दिसणाऱ्या कोणत्याही कोंबडीच्या पोटात रोग असू शकत होता आणि त्या परातीतून तो पाचच काय, पंधरा घरांत जाऊ शकत होता. खालांची कोंबडी तर अंगणात आलीच नव्हती. पण जिने सांगितले तिच्यावर आळ आला, आणि ज्यांनी सांगितले नाही, किंवा ज्यांना माहीतच नव्हते, ते निर्दोष ठरले. आपल्या समाजात दोष शोधण्याची ही फार जुनी रीत आहे. आपण आजार शोधत नाही, आजार आहे असे बोलणारे तोंड शोधतो.

दुसरी गोष्ट यजमानाची. यजमानावर आलेल्या पाहुण्याचा हक्क असतो, तसाच आधीपासून बसलेल्या पाहुण्यांचाही असतो. हे दोन हक्क समोरासमोर आले तर काय करावे? आम्ही तेव्हा असे समजलो की एकाचा हक्क राखायचा तर दुसऱ्याचा मोडावाच लागेल. ही आमची चूक होती. परत पाठवायची होती ती टोपली, माणूस नव्हे. "खाला, तुम्ही टोपली तिथेच ठेवली हे फार चांगले केले. हात-पाय धुऊन इकडे ओट्यावर बसा, चहा घ्या, तुमच्या घरी काय करायचे ते आपण नंतर बघू," एवढे चार शब्द पुरे होते. पक्ष्यापासून पक्षी दूर ठेवणे ही सावधगिरी आहे. माणसापासून माणूस दूर ठेवणे ही सावधगिरी असेलच असे नाही, पुष्कळदा ती फक्त भीती असते आणि सावधगिरीचे कपडे घालून येते. आणि आमचे गप्प बसणे? त्याला आम्ही तहजीब समजत होतो. पण दुबळ्या पाहुण्याच्या बाजूने बोलायची वेळ आली असता जी तहजीब गप्प बसते, तिचे खरे नाव भेकडपणा.

तिसरी गोष्ट सगळ्यांत कठीण. ती आम्हाला वर्षभराने समजली. दुसऱ्या हिवाळ्यात आमच्याच गल्लीतल्या एका घरी कोंबड्या मरू लागल्या. त्या घरच्या बाईने कुणाला सांगितले नाही. मेलेल्या कोंबड्या रात्री नाल्यात टाकल्या आणि उरलेल्या आठवडी बाजारात नेऊन विकल्या. त्या कुणी घेतल्या, कोणत्या गावी गेल्या, कोणत्या खुराड्यात शिरल्या, अल्लाह जाणे. पुढे कधीतरी तिनेच आम्हाला हे सांगितले. आम्ही रागावलो. ती शांतपणे म्हणाली, "आपा, खाला का क्या हुआ, सब ने देखे ना?"

म्हणजे आमच्या अंगणात त्या दिवशी खरोखर एक धडा शिकवला गेला होता. सगळ्या बायकांनी तो न लिहिता पाठ केला होता. धडा असा की, खरे बोलाल तर टोपली उचलून एकटे जावे लागेल.

हे फक्त आमच्या गल्लीचे नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आढळला. आपल्या देशात पाळीव पक्ष्यांत त्याची ती पहिलीच नोंद. आम्ही तेव्हा शाळेत शिकत होतो. लाखो पक्षी मारले गेले, आणि मोठ्या पोल्ट्रीवाल्यांबरोबर आसपासच्या गावांतली परसातली पाखरेही गेली. जानेवारी २०२१ मध्ये आमच्या मराठवाड्यात, परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला तोच रोग आला. शेकडो कोंबड्या आधी मेल्या आणि आजूबाजूच्या एक किलोमीटरमधल्या उरलेल्या मारल्या गेल्या. आता विचार करा. आपल्या खुराड्यात चार पक्षी मेले हे कळवणे म्हणजे आपल्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जिवंत पक्ष्यांचा मृत्यू दारी बोलावणे. कोण कळवील? २००९ च्या कायद्याने जनावरांतला असा रोग कळवणे मालकावर बंधनकारक आहे. पण नुसत्या कायद्याने भागत नाही हे सरकारलाही माहीत आहे. म्हणूनच बर्ड फ्लूत मारलेल्या पक्ष्यांची भरपाई दिली जाते. आधीच मेलेल्यांची नाही, मारलेल्यांची. म्हणजे जितक्या लवकर कळवाल तितके पदरात पडेल. ही भरपाई कोंबडीची किंमत आहे असे लोक समजतात. आम्हाला वाटते, ती खरे बोलण्याची किंमत आहे, आणि ती ऐकणाऱ्यांनी द्यायची असते. मानमोडीने गेलेल्या दहा कोंबड्यांसाठी मात्र आमच्या गल्लीत कधी कुणाला भरपाई मिळाली नाही. तिथे ऐकणारे म्हणजे आम्हीच.

यावर कुणी म्हणेल, आणि आमच्या एका सहकाऱ्यांनी म्हटलेच, की खरे बोलणे हे फर्ज आहे. फर्जचा मोबदला कसला मागता? ज्याला अल्लाहचे भय आहे तो नुकसान सोसूनही खरेच बोलेल. हे म्हणणे आम्हाला मान्य आहे. पण ते फक्त बोलणाऱ्याने स्वतःपुरते म्हणावे. खालांनी स्वतःपुरते तेच म्हटले आणि पाळले. ऐकणाऱ्याने ते म्हणू नये. बोलणाऱ्याचे एक फर्ज आहे तसे ऐकणाऱ्याचेही एक आहे, आणि दुसऱ्याच्या फर्जआड आपले फर्ज लपवता येत नाही. ज्या खऱ्या बोलण्याने पंधरा घरे वाचतात त्याचा सगळा खर्च एकाच घरावर टाकायचा, आणि वर त्या घराला सब्राचा उपदेश करायचा, हा इन्साफ नव्हे.

वर्गातही हेच होते. खिडकीची काच फुटते. आम्ही विचारतो, कुणी फोडली? एक मुलगा उभा राहतो. त्याला छडी बसते, बाकीचे हसतात. पुढच्या वेळी काच फुटते तेव्हा सगळा वर्ग खाली मान घालून बसतो आणि आम्ही स्टाफरूममध्ये येऊन म्हणतो, आजकालच्या मुलांत खरेपणा राहिला नाही. खरेपणा होता. आम्हीच त्याला छडी मारली.

मग दुसरी शंका येते. खरे बोलणाऱ्याला भरपाई दिली तर खोटे बोलून भरपाई घेणारे निघतील. निघतील. आमच्याकडे निघालेही. ते पुढे सांगतो.

२०२४ मध्ये आम्ही पुन्हा बैठक घ्यायचे ठरवले. या वेळी आधी खालांच्या घरी गेलो. त्या गोधडीला धागा घालत होत्या. आम्ही म्हणालो, "खाला, त्या दिवशी आम्ही बोलायला हवे होते. बोललो नाही. चुकलो." त्यांनी सुई थांबवली नाही. एवढेच म्हणाल्या, "मैं तुम्हारे मुँह कू देखते खड़ी थी, आपा." याला आमच्याजवळ उत्तर नव्हते आणि त्यांनी मागितलेही नाही. माफ केले असे त्या म्हणाल्या नाहीत. पण बैठकीला येईन म्हणाल्या.

या बैठकीचे नियम साधे ठेवले. एकही पक्षी अंगणात आणायचा नाही. डालगे नाही, टोपली नाही, अंड्यांचा ट्रेही नाही. चपला बाहेर काढायच्या, पाय धुऊन आत यायचे. आधी बसून ठरवायचे, मग लस थर्मासमध्ये घेऊन दोघीजणी घरोघरी जातील. ज्या घरी पक्षी आजारी असेल तिथे सगळ्यांत शेवटी जातील आणि तिथून दुसऱ्या खुराड्याकडे जाणार नाहीत. आणि एक नियम असा की, जिच्या घरी पक्षी मेले असतील तिने ते आल्या आल्या सांगायचे. जी सांगेल तिला पुढची पिल्ले निघाली की प्रत्येक घराने एक पिल्लू द्यायचे. पंधरा घरांची पंधरा पिल्ले. द्यायची तीही तिच्या घरचा रोग सरल्यावर, खुराडे चुन्याने सारवून काही आठवडे रिकामे राहिल्यावर. पिल्लू देणाऱ्या घराला ते जड नाही, घेणाऱ्या घराचे खुराडे मात्र पुन्हा भरते.

जेवणाचाही प्रश्न आला. कोंबड्या पाळणाऱ्या बायकांना कोंबडीच खाऊ घालावी की नाही, यावर घरात चर्चा झाली. शेवटी खिचडी आणि खट्टा केला. त्या दिवशी दस्तरखानावर तरी कुणाच्या खुराड्यातले काही नको, असे अम्मी म्हणाली. मागच्या वस्तीतल्या मावशींनी घरून लोणचे आणले.

आता त्या खोट्या भरपाईची गोष्ट. पहिल्याच वर्षी एकीने तीन कोंबड्या मानमोडीने गेल्या असे सांगून पिल्ले घेतली. नंतर कळले की त्या मुंगसाने नेल्या होत्या. बायका चिडल्या. नियमच रद्द करा म्हणाल्या. आम्ही हिशेब मांडून दाखवला. खोटे बोलणारीने आपले काय नेले? प्रत्येक घराचे एक पिल्लू. न बोलणारीने मागे काय नेले होते? गल्लीची गल्ली, आणि बाजारातून कुठले कुठले गाव. थोडी खोटी तोंडे सांभाळावी लागली तरी चालतील, पण खरी तोंडे बंद होता कामा नयेत. त्या बाईला कुणी काही बोलले नाही. पुढच्या वर्षी आपल्या खुराड्यातली पंधरा पिल्ले तिने स्वतःहून मोहल्ल्यात वाटली असे आम्ही लिहिले असते तर गोष्ट सुंदर झाली असती. पण तसे झाले नाही. ती येते, बसते, चहा पिते. तेवढेही ठीक आहे.

मागच्या हिवाळ्यातल्या बैठकीत मात्र एक गोष्ट झाली. आम्ही अजून सतरंजी अंथरत होतो. नव्याने लग्न होऊन आलेली एक मुलगी दारातच उभी राहिली. पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती. म्हणाली, सकाळपासून आमची एक कोंबडी मान टाकून बसली आहे. अंगणात सगळ्या गप्प झाल्या. ती शांतता आम्ही ओळखत होतो. या वेळी आम्ही तोंड उघडले, पण आमच्या आधी खाला बोलल्या. त्या दाराजवळच बसल्या होत्या. त्यांनी सरकून जागा केली आणि म्हणाल्या, "पाँव धो, आ, बैठ. पहले चाय पी."